आत्याच्या खोलीवर मतदान

४ मार्च

थोरले काका,

नमस्कार. पूर्ण वाकून करणार होते, पण राग आलाय म्हणून अर्ध्यातच थांबले.

काल आत्याशी फोनवर बोलणं झालं. ती तुमच्याबद्दल तक्रार करत नव्हती. ती कुणाबद्दलच करत नाही, म्हणून तिच्या वाटणीची मी करते. चष्मेवाल्याच्या दुकानावरची खोली भाड्याने घेते, तिथेच काम करीन, तिथेच राहीन, असं तिने तुम्हाला सांगितलं. तुम्ही नेहमीसारखं चहाच्या कपात बघितलंत आणि म्हणालात, "बघू."

आपल्या घरात "बघू" म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. मधल्या काकांच्या वकीलदादाने मोटरसायकल मागितली तेव्हा तुम्ही "बघू" म्हणालात. तो आता चाळिशीला आला आणि अजून बसच्या रांगेत उभा असतो. माझ्या बाबांना नोकरी बदलायची होती. "बघू." ते त्याच टेबलावरून रिटायर झाले.

आत्या चोपन्न वर्षांची आहे. शहरातल्या निम्म्या दातांच्या डॉक्टरांना ती कवळ्या करून देते. आणि करते कुठे, तर तुमच्या मागच्या खोलीत, जिची खिडकी शेजारच्यांच्या भिंतीवर उघडते. भर दुपारी दिवा लावावा लागतो. दिव्याखाली दाताचा रंग जुळत नाही. माणूस हसला की वरचे दात एका घराण्यातले वाटतात आणि खालचे दुसऱ्या. चष्मेवाल्याच्या वरच्या खोलीत दिवसभर उजेड आहे. पण खरं सांगू का, उजेड हे निमित्त. तिला एकटीने राहून बघायचंय, आणि तेवढं कारण मला पुरतं.

काका, एक सांगा, तुम्हाला नेमलं कोणी? जाहिरात निघाली होती? मुलाखत झाली होती? तुम्ही सगळ्यांच्या आधी जन्मलात एवढीच तुमची पात्रता, आणि त्यातही तुमचं कर्तृत्व शून्य, ते आजीचं. पणजोबांपासून हे चाललंय. थोरल्याचा होकार आल्याशिवाय घरात कुणी खिळा ठोकायचा नाही.

मी दिवसभर लिफ्ट दुरुस्त करते. लिफ्टमध्ये आठ अनोळखी माणसं उभी असतात. जो तो आपापल्या मजल्याचं बटण दाबतो आणि उतरून जातो. आधी सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारूया असं कुणी म्हणत नाही, आणि तरी लिफ्ट पडत नाही. असं एखादं घर असावं, अशी एखादी गल्ली असावी, झालंच तर असं एखादं जग असावं, असं मला फार वाटतं. सुरुवात तुमच्यापासून करते, कारण तुमचा पत्ता पाठ आहे.

चष्मेवाला महिनाअखेरपर्यंत खोली धरून ठेवणार आहे. त्याच्या आत "हो" म्हणा. नाहीतर मी येते.

तुमची,
ठिणगी


११ मार्च

चि. ठिणगी,

आशीर्वाद पूर्णच देतो, आमच्याकडे अर्धे मिळत नाहीत.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा रागाने आणि एकदा काकूने मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा. ती मध्येमध्ये थांबून हसत होती. तुझं म्हणणं मला सोळा आणे पटलं. मी राजीनामा देत आहे.

थट्टा नाही. आजपासून मी या घरातला थोरला नाही. नुसता एक माणूस आहे. तशी चिठ्ठी मी जिन्याजवळ लावली आहे आणि खाली सही केली आहे.

तुला वाटतं मला हे सगळं आवडत होतं? अगं, बाबा गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो. खोलीत एवढी माणसं होती, आणि सगळ्यांनी एकदम वळून माझ्याकडे बघितलं. तेव्हापासून कुणी मान फिरवलेलीच नाही. सोफ्याचं कापड कुठलं, मला विचारा. बाळाचं नाव काय, मला विचारा. मधल्याचं अपेंडिक्स काढायचं होतं, तो टेबलावर आडवा झालेला, डॉक्टर हातमोजे घालून उभे, आणि हा म्हणतो, दादाला एकदा फोन लावा. वजनमापे तपासनीस होतो मी. दुकानदारांच्या तराजूत खोट शोधण्यात हयात गेली. अपेंडिक्सचं मला काय कळतंय? म्हणून मी "बघू" म्हणायला शिकलो. त्या एका शब्दावर मी बेचाळीस वर्षं काढली.

तेव्हा धाकटीला "हो" म्हणायचा मला आता अधिकारच उरला नाही. "नाही" म्हणायचाही नाही. तुमचं काय ते तुम्ही ठरवा. तुझ्या त्या लिफ्टसारखं चालू दे. मी उद्यापासून पोहायला शिकणार आहे. अडुसष्टाव्या वर्षी शिकू का असं विचारायला मला कुणी थोरलं नव्हतं, म्हणून राहून गेलं होतं.

तुझा माजी थोरला,
काका


१५ मार्च

काका,

या वेळी पूर्ण वाकून नमस्कार. पाठीत उसण भरेपर्यंत.

तुम्ही एवढ्या सहज खुर्ची सोडाल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. माणसं खुर्चीला चिकटतात ते उचलून न्यावी लागेपर्यंत. तुम्ही ग्रेट आहात. तुमच्याबद्दल मी ऑफिसात आणि इथे खाली पेपरवाल्याशी जे जे बोलले ते मागे घेते.

आता ही जागा रिकामी ठेवून चालणार नाही. नाहीतर मधले काका घुसतील आणि ते तुमच्यापेक्षा वाईट. तुम्ही निदान "बघू" म्हणता, ते भाषण करतात. म्हणून मी असं ठरवलंय: रविवारी, चोवीस तारखेला, मी येते. आपण सगळ्यांनी बसायचं. अध्यक्ष नाही, मुख्य पाहुणा नाही, गोल करून बसायचं. जो बोलेल त्याच्या हातात माझा स्क्रू ड्रायव्हर, बाकीच्यांनी गप्प. मग हात वर करून मतदान. एक माणूस, एक मत. थोरला-धाकटा, बाई-पुरुष, सून-मुलगी, सगळे सारखे. या घरात पहिल्यांदाच घडेल असं काही.

पहिला विषय आत्याची खोली. आकडे माझ्या बाजूने आहेत. मी, आई, थोरली काकू, वकीलदादाची बायको, या नक्की. बाबा माझ्यासाठी करतील. तुमचा मुलगा नव्या विचारांचा आहे, निदान त्याची दाढी तरी आहे. आणि तुम्ही आहातच.

आत्याला फोन केला होता. म्हटलं, आम्ही सगळे मिळून तुझ्या खोलीचं ठरवणार आहोत, तुझी काही हरकत? ती म्हणाली, "तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवा गं, माझं इथे मेण तापलंय." आनंद असा दाखवत नाही ती. मला मात्र आवाजात कळला.

पोहणं कसं चाललंय?

ठिणगी


२० मार्च

चि. ठिणगी,

पोहणं उत्तम. शिकवायला विशीतली एक मुलगी आहे. ती काठावर उभी राहून ओरडते, "आजोबा, पाय मारा, पाय." मी मारतो. कुणीतरी आपल्याला काय करायचं ते सांगतंय यात केवढं सुख असतं हे मला माहीतच नव्हतं. तुमच्या नव्या राज्यात याला बंदी असेल तर आधी कळव.

घराची बातमी अशी. राजीनाम्याला आठवडा उलटून गेला आणि घरात कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. मधल्याने कुणाला न विचारता भलंमोठं कपाट आणलं. ते दारातून आत जात नाही. दार काढायचं की कपाट कापायचं यावर दोन तट पडले आहेत, आणि कपाट व्हरांड्यात उभं आहे. पोरं त्यात लपतात. वकील (तीनदा नापास होऊनही हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच) घराची घटना लिहायला बसला आहे. न्हाणीघर कुणी किती वेळ अडवायचं, या कलमापर्यंत आला आणि तिथेच त्याचं आणि त्याच्या बायकोचं वाजलं. तुझी काकू म्हणते, मी पहिल्यापासून स्वतंत्रच आहे, फक्त तुम्हाला सांगितलं नव्हतं. रविवारी एवढ्या माणसांचा चहा कोण करणार तेवढं तुझ्या क्रांतीला विचारून ठेव, असा तिचा निरोप आहे.

धाकटी फार शांत आहे. हातातल्या सगळ्या कवळ्या पुऱ्या करते आहे. मागची खोली तिने झाडूनपुसून लख्ख केली, जुने साचे फेकून दिले, दातांचे खण नीट लावले. मला वाटतं तिचा विचार बदलला. माणूस जायचा असता तर एवढी आवराआवर कशाला केली असती? तेव्हा तू फार तावातावाने बोलू नकोस. तिलाच अवघडल्यासारखं होईल.

काका


२६ मार्च

काका,

नमस्कार नाही. अर्धाही नाही.

चार विरुद्ध सात. मी पाडले गेले हे एक वेळ गिळीन. पण तुम्ही हात वर केलात. नको म्हणणाऱ्यांच्या बाजूला. आणि वर म्हणालात, "थोरला म्हणून नाही हो, साधा माणूस म्हणून माझं मत." राजीनामा दिलात तेव्हा मला वाटलं तुम्ही मोठ्या मनाचे आहात. तुम्ही तर फक्त "बघू" म्हणायची नवी पद्धत शोधलीत. "हो" म्हणावं लागू नये म्हणून गादी सोडणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला.

बाकीच्यांची तर कमालच. तुमची सून म्हणाली, आत्या गेल्यावर बाळाला दुपारी कोण घेणार? तुमच्या मुलाने दाढी खाजवत मान डोलावली. मधले काका स्क्रू ड्रायव्हर धरून इतका वेळ बोलले की मला तो दुसऱ्या कामाला वापरावासा वाटला. एकटी बाई, लोक काय म्हणतील, आजारी पडली तर. हे सगळं ते कवळी लावून बोलत होते. तिने केलेली कवळी. मधल्या काकूंच्या तोंडातही तिचीच. तिच्याच दातांनी तिच्याविरुद्ध बोलले सगळे, आणि एकाचीही जीभ चावली गेली नाही. बाबांनी हात वर केला तेव्हा ते माझ्याकडे नाही, पंख्याकडे बघत होते.

आणि मी? मी सगळ्यात जास्त मूर्ख. मी हात मोजले, निकाल जाहीर केला, आणि वर "लोकांचा निर्णय आहे, मान्य केला पाहिजे" असंही बोलले. मला वाटलं हे बोलणं मला शोभतंय. परतीच्या बसमध्ये बसले, खिडकीला डोकं टेकलं आणि मनातल्या मनात पुन्हा मोजायला लागले. मतं अकरा. घरात मोठी माणसं बारा.

काका, आत्या कुठे होती? ती स्वयंपाकघरात होती. आपल्यासाठी चहा गाळत होती. मध्ये ट्रे घेऊन आली, कप ठेवले, कुणाला साखर कमी विचारलं आणि परत गेली. आपण तिच्या आयुष्यावर मतदान घेतलं आणि तिचं मत घ्यायचं राहिलं. राहिलं म्हणजे काय, एकाच्याही लक्षात आलं नाही. माझ्यासुद्धा नाही. मी, जी या सगळ्याची पुढारी. मला इतकी लाज वाटते आहे की काल एका लिफ्टच्या टपावर बसून मी रडले. खाली माणसं खोळंबली होती.

महिना संपत आला. चष्मेवाला थांबणार नाही. फेरमतदान घेता येईल का? आत्याला धरून. माझी बेरीज तरीही पाच विरुद्ध सात होते, पण तुम्ही आणि बाबांनी बाजू बदललीत तर होईल. तुमच्या पाया पडते.

ठिणगी


१ एप्रिल

चि. ठिणगी,

फेरमतदानाची गरज नाही. धाकटी गेली.

परवा सकाळी गेली. भर उजेडात, सगळे घरात असताना. मी तलावावरून परत येत होतो. डोकं ओलं, काखेत टॉवेल. फाटकाशी हातगाडी उभी. त्यावर तिची घासायची मोटर, प्लास्टरच्या गोण्या, दातांचे खण, गादीची वळकटी. व्हरांड्यात मधल्याच्या कपाटाशेजारी दाटीवाटीने सगळे नुसते उभे. सगळ्यांनी काय केलं असेल? वळून माझ्याकडे बघितलं. राजीनामा काय, चिठ्ठी काय. माना आपोआप वळल्या.

मी म्हणालो, "अगं, आपलं ठरलं होतं ना?"

ती म्हणाली, "तुमचं ठरलं होतं. मला सांगितलंत, मी ऐकलं."

"मला तरी विचारायचंस."

"दादा, मी गेल्या महिन्यातही विचारलं नव्हतं. चष्मेवाल्याला मी आधीच हो म्हणून आले होते. तुला सांगत होते. मी काहीही सांगितलं तरी या घरात ते विचारल्यासारखं ऐकू येतं, त्याला मी काय करू?"

मग तिने तिच्या कामाच्या टेबलाकडे बोट दाखवलं. लाकडी, जड, कडेला प्लास्टरचे थर बसलेले. म्हणाली, "ते तिकडचं टोक धर. पाठ सांभाळून."

मी धरलं. आम्ही दोघांनी ते टेबल पायऱ्यांवरून उतरवलं, गाडीवर चढवलं. मग मी गाडीमागून चालत गेलो, आणि चष्मेवाल्याचा अरुंद जिना चढवून ते खिडकीखाली लावून दिलं. घामाघूम झालो. बेचाळीस वर्षांत त्या घरात मला कुणी "हे करू का" याखेरीज काही विचारलं नव्हतं. "हे टोक धर" असं कुणी म्हटलं नव्हतं. मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो आणि मला रडू आलं. ती म्हणाली, आता तिथे उभा राहू नकोस, उजेड अडतो.

तू मला जे सुनावलंस त्याचं उत्तर देतो. तू म्हणतेस ते बरोबर आहे. "हो" म्हणावं लागू नये म्हणूनच मी राजीनामा दिला. आणि हात वर केला त्यामागे लोक काय म्हणतील वगैरे काही नव्हतं. ती माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. संध्याकाळी मागच्या खोलीतून तिच्या मोटरीचा आवाज आला की मला घर भरल्यासारखं वाटायचं. मला ती घरात हवी होती. एवढंच. पण तसं म्हणायची पद्धत आम्हाला कुणी शिकवली नाही, म्हणून मी "बघू" म्हणालो. आता संध्याकाळी घर इतकं शांत असतं की मला खायला उठतं. आणि तरी तिने केलं ते बरोबर केलं.

तुझ्या आत्याने तुझ्यासाठी पत्ता दिला आहे. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडला आहे. मला न विचारता तिला पत्र लिही.

काका


९ एप्रिल

ठिणगे,

तुझं सहा पानी माफीपत्र मिळालं. चार पानं वाचली. मग एका डॉक्टरांचा माणूस दाढ न्यायला आला, आणि उरलेली दोन पानं तशीच राहिली. शेवटी माफीच मागितली असशील, तर मिळाली असं समज.

रडतेस काय? तू छान बोललीस त्या दिवशी. स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. माझी बाजू माझ्यापेक्षा तूच चांगली मांडलीस. एक-दोन ठिकाणी तर मलाच वाटलं, या बाईला बिचारीला जाऊ द्यायला पाहिजे. फक्त मतदान सुरू झालं तेव्हा मी चहा जरा जास्तच उकळला, कारण मला बाहेर यायचं नव्हतं. तुम्ही विसरलात हे खरं, पण मीही आठवण करून दिली नाही. नीट विचार कर. समज, तू म्हणतेस तसं झालं असतं. सात हात माझ्या बाजूने वर गेले असते. मग मी त्या सात हातांची झाले असते. पुढच्या वर्षी मधल्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं असतं, तुम्ही पुन्हा गोल करून बसला असता, आणि त्यातले तीन हात खाली आले असते. मग मी काय करायचं? गाठोडं बांधून परत यायचं? ज्याने दिलं तो परत मागू शकतो. मग तो थोरला एकटा असो की तुम्ही अकरा जण.

पण तू खुळी नाहीस. तुझं ते जग मला आवडतं, जिथे जो तो आपलं बटण दाबतो. फक्त त्यासाठी आधी सभा बोलवू नकोस.

इथलं सांगते. उजेड भरपूर. पहिल्या दिवशी रात्री काय जेवायचं ते ठरवायला मला खूप वेळ लागला, मग मी जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनदा जेवले. रात्री जिन्यात आवाज झाला की भीती वाटते. ते कुणाला सांगू नकोस, मधल्याला आनंद होईल. मध्येच हात थांबतो, बाळ उठलं का म्हणून कान टवकारते, आणि मग आठवतं. तेव्हा वाईट वाटतं. तुझी वहिनी आता त्याला दुपारी इथे आणून सोडते. मी मंगळवारी आणि शुक्रवारी हो म्हणाले आहे. ती "बरं" म्हणाली. तिचा चेहरा बघायला हवा होतास.

दादा काल आला होता. दारात उभा राहून म्हणाला, "येऊ का?" या माणसाच्या तोंडून असला प्रश्न मी जन्मात ऐकला नव्हता. माझ्या हातात तापलेलं मेण होतं. म्हटलं, थांब. तो जिन्याच्या पायरीवर बसून राहिला. चष्मेवाला वर येऊन त्याला विचारून गेला, तुमचा नंबर यायचाय का म्हणून. मेण थंड झाल्यावर मी त्याला आत घेतलं. तो पोहण्याबद्दलच बोलत होता. छातीएवढ्या पाण्यात तरंगायची फळी सोडली म्हणे त्याने. जाताना त्याला वाटलं मी पुन्हा ये म्हणेन. मी म्हटलं नाही, पण येईल तो.

तू रविवारी येते म्हणतेस. ये. मी घरी असेन की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

आत्या